बेकबाईंनी न म्हटलेलं वाक्य

फ्रान्सच्या जर्मन सीमेजवळच्या आमच्या हेल्ब्रांज गावात चर्चच्या वरच्या अंगाला वाल्त्रिनसाहेबांचं घर आहे. युद्ध संपल्यावर फ्रान्स आणि जर्मनीला एका टेबलाशी बसवायला जे मंत्री धडपडले, त्यांतले ते एक. ते गेल्यावर घराची संस्था झाली. त्यांची कागदपत्रं जपायची, युरोप एकत्र कसा आला त्याचा अभ्यास करायचा, शाळेच्या पोरांना त्यांचं लिहायचं टेबल आणि झिजलेल्या सपाता दाखवायची. मी तिथे दारापाशी बसते आणि आलागेला बघते. त्या घरात मोठमोठे विद्वान राहून गेले, राजदूत जेवून गेले. पण ज्यांनी त्या घराशी जन्मभर भांडून त्याच घराच्या फरशा वीस-बावीस वर्षं पुसल्या, अशा एकच बाई होत्या. अदेलीन बेक.

गावात सगळे त्यांना बेकबाई म्हणत. पाठीमागे खाष्ट म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलेलं होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

जन्म चौतीस सालचा. अदेलीन सहा वर्षांची असताना जर्मन आले, आणि आले ते घरमालकासारखे. हेल्ब्रांजचं हेल्ब्रिंगेन झालं. दुकानांच्या पाट्या बदलल्या, थडग्यांवरचे फ्रेंच शब्द छिन्नीनं खरवडले, आणि अदेलीनची आडेलहाइट झाली. शाळेत नवे मास्तर आले. अदेलीननं सवयीनं त्यांना ‘बोंजूर’ म्हटलं आणि उजव्या गालावर अशी बसली की कान दिवसभर वाजत राहिला. मग युद्ध संपलं, फ्रेंच परत आले, सगळ्यांनी झेंडे लावले. नव्या शिक्षिका आल्या, पातळ ओठांच्या. त्यांनी काहीतरी विचारलं आणि अदेलीननं घरच्या बोलीत ‘या’, म्हणजे ‘हो’, असं उत्तर दिलं. या खेपेला डावा गाल.

घरची बोली म्हणजे आमची प्लाट. तशी जर्मनच्या जवळची, पण बर्लिनवाला ऐकेल तर हसेल आणि पॅरिसवाला ऐकेल तर पोलिसांना बोलवेल. पुढे संस्थेत जर्मन शाळेची पोरं यायची, तेव्हा बेकबाई पोछा पिळता पिळता त्यांना सांगायच्या, “हा गाल तुमच्या मास्तरांचा, हा आमच्या बाईंचा. दोनच आहेत. युरोपाला द्यायला तिसरा नाही, तेव्हा जपून.” पोरं हसायची. शिक्षकांना हसावं की नाही ते कळत नसे.

पण खरी गोष्ट गालांची नव्हती. खरी गोष्ट विक्तोरची होती.

विक्तोर त्यांचा थोरला भाऊ, एकोणीस वर्षांचा. आमच्याकडच्या पोरांना जर्मनांनी बळजबरीनं आपल्या फौजेत घातलं. जो जाणार नाही त्याच्या आईबापांना उचलून पूर्वेकडच्या छावणीत नेत. विक्तोर आधी मामाच्या बिटाच्या तळघरात लपला. मग शेजारच्या घरातली म्हातारा-म्हातारी मुलापायी नेलेली त्यानं ऐकली आणि आपल्या पायांनी बाहेर आला. आई त्याच्या कोटाला धरून म्हणाली, “जाऊ नको रे.” तो म्हणाला, “मग तुला नेतील. तू गेलीस तर हिला कोण बघेल?” ही म्हणजे अदेलीन. बाप आधीच नव्हता.

स्टेशनावर गाडी हलली तेव्हा अंगावर जर्मन कपडे असलेला विक्तोर खिडकीतून बाहेर लोंबकळला आणि ओरडला. फ्रेंचमध्ये ओरडला, बंदी असताना. “चिमणे, सायकल वापर माझी! पण मागचा ब्रेक बघून घे!” तेवढंच. रशियाच्या बाजूला गेला तो गेला. मेल्याचा कागद आला नाही, जिवंत असल्याचाही आला नाही.

इतर प्रांतांतल्या गावांत युद्धस्तंभावर लिहिलेलं असतं, ‘फ्रान्ससाठी प्राण दिले’. आमच्या स्तंभावर नुसतं ‘आमचे मृत’ असं आहे. आमची पोरं कोणासाठी मेली ते लिहायची सोय नव्हती. खाली नावं. त्यांत विक्तोर शेवटून दुसरा.

आणि असं सगळं असताना, पन्नास साली, रेडिओवर बातमी आली की जर्मनांबरोबर कोळसा आणि पोलाद एकत्र करायचं ठरतंय आणि त्यात आपले वाल्त्रिनसाहेब पुढे आहेत. रविवारी साहेब गावी आले. अदेलीनची आई काती चुलीतली राख बादलीत भरून वर गेली, पोरगी मागोमाग, आणि काती बाईनं सगळी राख त्यांच्या फाटकात ओतली. ही हकीकत बेकबाईंनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथे उभी होते असं मला वाटतं.

साहेब बाहेर आले. सपातांवर. राखेकडे बघितलं आणि प्लाटमध्येच म्हणाले, “काती, राख गार आहे ना? दारात वाळलेली पानं पडलीत.”

“गार आहे. निखारा माझ्याकडे उरलाय कुठे.”

“तुझा राग बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “पण मी हे करणार.”

“करा. मंत्री तुम्ही आहात. माझ्या नावावर करू नका, एवढंच.”

साहेब वळले. आत जाऊन केरसुणी आणली आणि स्वतः झाडायला लागले. काती बाई शेवटपर्यंत उभी राहून बघत होती. मदत केली नाही आणि घरीही गेली नाही.

अदेलीननं पुढे खाणीतल्या कामगाराशी लग्न केलं. रेने बेक. खाण सीमेला लागून, वरती दोन देश आणि खाली एकच अंधार. त्याच्या पाळीत जर्मन होते, पोलिश होते, इटालियन होते. पन्नाशीच्या आत त्याच्या छातीत कोळशाची धूळ बसली आणि तो गेला. मुलगी लिलियान शिकत होती. बेकबाईंना काम हवं होतं. संस्था नवी नवी उघडली होती आणि तिथे झाडलोट आणि पाहुण्यांच्या स्वयंपाकाला बाई हवी होती. मुलाखतीला गेल्या तेव्हा त्या वेळच्या संचालकांनी कौतुकानं विचारलं, “वाल्त्रिनसाहेबांच्या घरात काम करायला मिळतंय, कसं वाटतंय?”

“घर पुसीन. स्वच्छ पुसीन. म्हाताऱ्याचे गोडवे गाणार नाही.”

“तुम्हाला ते आवडत नव्हते?”

“खोटं बोलायचा नाही. तेवढं पुरे आहे. पगार किती?”

काम मिळालं. आणि खरोखर घर इतकं स्वच्छ राहिलं की वरच्या मजल्यावर चालताना लाकडी जमिनीत आपले बूट दिसायचे. विद्वानांना बेकबाई नावानं ओळखत नसत, सुपावरून ओळखत. ‘तो दोनदा घेणारा पोर्तुगीज’, ‘ती मीठ मागणारी फिनलंडची’. त्यांचं बटाट्याचं सूप, त्यात धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे, आणि ऑगस्टात मिराबेल या पिवळ्या आलुबुखारांचा टार्ट. खायला बसायचं तर सोलायलाही बसायचं, हा नियम. एका मोठ्या प्राध्यापकांनी हसत विचारलं, “मीसुद्धा?” बेकबाईंनी त्यांच्यापुढे सुरी ठेवली. ‘तुम्ही’ हा शब्द त्यांनी त्या घरात कोणासाठीच वापरला नाही. संचालक असो की खासदार, सगळ्यांना ‘तू’. म्हणायच्या, “म्हाताऱ्या मंत्र्याला एकट्यालाच माझी आई ‘तुम्ही’ म्हणायची. तेही रागावलेली होती म्हणून.”

निवृत्त झाल्यावरही दर बुधवारी येत राहिल्या. नव्या केटररचं सूप म्हणजे पाण्याला सांगितलेली बटाट्याची गोष्ट आहे, असं त्यांचं मत होतं.

मग दोन हजार दहा साल आलं. कोळसा-पोलादाच्या त्या घोषणेला साठ वर्षं पुरी होणार होती. आमच्याकडे आदल्या वर्षीच नवे संचालक आले होते, पॅरिसहून, पेल्तिये म्हणून. माणूस वाईट नव्हता. गळकं छप्पर त्यांनी दुरुस्त करून घेतलं, बंद पडलेली शिष्यवृत्ती सुरू केली. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट शेवटाला गोड व्हायला हवी असे. त्यांनी एक चित्रफीत करायचं ठरवलं. साहेबांच्या अभ्यासिकेत दोन म्हातारी माणसं बसलेली, एक आमच्या बाजूची, एक पलीकडची. बोलतील, हात मिळवतील, आणि शेवटी दोघंही आपापल्या भाषेत एक वाक्य म्हणतील.

पलीकडचा माणूस मिळाला ओटमार क्लाइन. सारलुईजवळचा, आयुष्यभर पोस्टमन होता, उंच, वाकलेला, मिश्कील डोळ्यांचा. आमच्या बाजूनं पेल्तिये साहेबांनी बेकबाईंचं नाव काढलं. मी म्हटलं, “साहेब, दुसरं कोणी बघू या.” ते म्हणाले, “का? भाऊ गमावलेली बहीण, आणि वर याच घरात आयुष्य काढलेली. याहून चांगलं कोण?”

बुधवारी ते स्वतः स्वयंपाकघरात गेले. बेकबाई लीकची जाड कांदापात चिरत होत्या. मी कॉफीच्या निमित्तानं तिथेच घोटाळले.

“बेकबाई, फक्त एक वाक्य म्हणायचंय.” त्यांनी छापलेलं कार्ड पुढे केलं.

बेकबाईंनी चष्मा लावून वाचलं. ‘मी माफ केलं आहे.’ कार्ड उलटं करून मागे काही आहे का ते पाहिलं.

“हे कोणी लिहिलं?”

“आम्ही... म्हणजे मी.”

“मग तू म्हण.”

“अहो, भावना तुमचीच आहे. इतकी वर्षं तुम्ही जर्मन मुलांना जेवायला घालताय.”

“भूक लागलेल्याला वाढते. त्याला माफी म्हणत नाहीत, स्वयंपाक म्हणतात.”

“साधं एक वाक्य आहे हो.”

“साधं आहे तर त्याच्यासाठी पॅरिसहून तुला कशाला यावं लागलं?” लीक पातेल्यात गेला. “बसेन मी. बोलेनही. पण प्लाटमध्ये बोलेन, आणि कार्ड तू घेऊन जा, इथे ओलं होईल.”

पेल्तियेंना वाटलं, कॅमेरा लागला की बाई विरघळतील. माणसं विरघळतात, त्यांनी पाहिलेलं होतं. प्लाटचं म्हणाल तर हरकत नाही, खाली फ्रेंच ओळी येतीलच.

चित्रीकरणाच्या दिवशी मला पाण्याचे पेले भरायला आत ठेवलं होतं. साहेबांच्या टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसले. कॅमेरावाला पोरगा लिऑनचा, त्याला आमच्या बोलीचं अक्षर कळत नव्हतं. पेल्तियेंनाही नाही. ओटमारची बोली आमचीच, थोडी पसरट. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“नाव काय तुझं?” बेकबाई.

“ओटमार. तुझं?”

“अदेलीन. मधली चार वर्षं आडेलहाइट. बाप कुठे होता तुझा युद्धात?”

मी पेला भरता भरता थांबले. ओटमारनं नजर वळवली नाही.

“रेल्वेत. डबे जोडायचा.”

“कसले डबे? मालाचे की माणसांचे?”

“विचारलं नाही मी. लहान होतो तेव्हा सुचलं नाही, मोठा झालो तेव्हा धीर झाला नाही. मग तो मेला.”

बाहेर कोणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं.

“आणि आज इथे माफी मागायला आलायस?”

“नाही. मला सांगितलं, नंतर जेवण आहे.”

बेकबाईंच्या पोटातून हसू फुटलं, आवाज न करता, खांदे हलले. पेल्तियेंनी खुशीत माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, झालं.

मग ओटमारच गंभीर झाला. “काय मागू मी? डबे मी जोडले नाहीत. बापानं जोडले, त्याच्या वतीनं मागायची तर तो कबूल होता की नव्हता तेही मला माहीत नाही.”

“आणि मी काय देऊ?” बेकबाई म्हणाल्या. “गेला तो विक्तोर. माफ करायचं की नाही ते त्याचं. तो येईल आणि म्हणेल. मी त्याच्या खिशात हात घालणारी कोण? माझं म्हणशील तर माझ्या घशात ते अडकलंय. खाली जात नाही. पण मी ताटावरून उठले नाही. साठ वर्षं बसलेय तुमच्याबरोबर एका ताटावर. हे कमी आहे का?”

“कमी नाही,” ओटमार म्हणाला.

“आता हात मिळवा!” पेल्तिये कॅमेऱ्यामागून कुजबुजले. बेकबाईंनी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. ओटमारनं आपले छातीशी बांधले. कॅमेरावाल्यानं बिचाऱ्यानं तसंच घेतलं.

त्यानंतर दोघं खाली जेवायला गेले आणि सुपात जायफळ घालावं की नाही यावरून कडाकडा भांडले.

समारंभाच्या आधी पेल्तियेंनी मला तयार चित्रफीत दाखवली. सुंदर झाली होती, खोटं कशाला बोलू. खिडकीतला उजेड, दोघांच्या सुरकुत्या, मागे व्हायोलिन. आणि बेकबाई घशावर हात ठेवून ‘अडकलंय’ म्हणत होत्या तिथे खाली ओळ आली: ‘मी माफ केलं आहे.’

“साहेब, बाई असं म्हणालेल्या नाहीत.”

“शब्दशः नसतील. अर्थ तोच.”

“अर्थ उलटा आहे.”

पेल्तिये माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत, तेव्हाही नाही. “मार्तीन, सभागृहात प्लाट कळणारे मूठभर असतील. बाकीच्यांना काहीतरी आशा घेऊन घरी जायचंय. साहेबांचा वारसा जपायचा म्हणजे दुसरं काय?”

मी त्याच संध्याकाळी बेकबाईंच्या घरी गेले. त्या अंगणात शतावरीचे कोंब सोलत बसल्या होत्या. सगळं सांगितलं. वाटलं, आता आरडाओरडा होणार. त्यांनी हातातला कोंब पूर्ण सोलला, इतरांच्या ओळीत नीट ठेवला.

“माझी खुर्ची कुठल्या रांगेत?”

“पहिल्या.”

“बरं झालं. उठायला सोपं.”

मी म्हटलं, “बाई, ओटमारला सांगू का?”

“सांग. त्याला म्हणावं, जेवूनच ये, नंतरचं सांगता येत नाही.”

समारंभाला सभागृह गच्च भरलं होतं. मेत्झहून अधिकारी, पलीकडून महापौर, शाळांची पोरं निळे झेंडे घेऊन. मागच्या रांगांत आमचं गाव, चर्चच्या कपड्यांत. लिलियानही आली होती. ती रोज सीमा ओलांडून जर्मनीत इस्पितळात कामाला जाते, आपला पासपोर्ट कुठे ठेवलाय ते तिला आठवतसुद्धा नाही. दिवे मालवले. चित्रफीत सुरू झाली. बापाच्या डब्यांचा भाग कापला होता. जेवणाचा विनोद ठेवला होता, लोक हसले. मग बेकबाईंचा हात घशाशी गेला आणि खाली ती ओळ उमटली.

पुढच्या रांगांतून उसासे आले. मागच्या रांगांतून गुरगुर आली. कोणीतरी प्लाटमध्ये मोठ्यानं म्हणालं, “हे कधी म्हणाली ती?”

बेकबाई उठल्या. शहात्तर वर्षांची बाई, पण पडद्यासमोर उभी राहिली तसं टेबल, खिडकी, उजेड, सगळं तिच्या अंगावर.

“थांबव,” त्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या. अगदी शुद्ध, शाळेतल्या फ्रेंचमध्ये. “थांबव. हे मी म्हटलेलं नाही.”

चित्र थांबलं. पेल्तिये पुढे आले, “बेकबाई, नंतर बोलू आपण...”

“नंतर मी मरेन आणि हे राहील. म्हणून आत्ता.” त्या लोकांकडे वळल्या. “मी माफ केलेलं नाही. माफ करायला मला कोणी विचारलंही नव्हतं, यंदा पहिल्यांदा छापून आणून दिलं. वर या घरात राहायचा तो म्हातारा असलं काही बोलायचा नाही. तो म्हणायचा, कोळसा आणि लोखंड एका कोठारात ठेवा आणि कुलपाला दोन किल्ल्या करा. शेजारी आवडायला लागला म्हणून कोणी दोन किल्ल्या करतं का? विश्वास नाही म्हणून करतात! माझा नवरा त्या कोठारात कामाला होता, त्यातच संपला. मला काय सांगताय? आम्ही एकमेकांना माफ न करता, दात-ओठ खात, रोज उठून हे चालवलंय. ते तुम्हाला दिसायला चांगलं वाटत नसेल तर बघू नका. पण माझ्या तोंडात साखर कोंबून माझा भाऊ पुसू नका.”

मग दुसऱ्या रांगेत ओटमार उठला, त्याला उठायला वेळ लागला. जर्मनमध्ये म्हणाला, “आणि मी माफी मागितली नव्हती. माझ्या बापाबद्दल मी बोललो होतो, ते कापलंय. ते परत लावा. मला ते बोलायला सत्तर वर्षं लागली.”

पलीकडच्या महापौरबाईंनी टाळी वाजवली, एकटीनं. मग मागच्या रांगांनी. मेत्झचे अधिकारी खोकले, घड्याळ पाहिलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रानं लिहिलं, समारंभात वृद्धेचा गोंधळ. बेकरीत शेजारच्या गास्तोंनी बेकबाईंना ऐकवलं, “एवढ्या पाहुण्यांसमोर गावाची लाज काढलीत.”

“गावानं आपली लाज माझ्या तोंडात कशाला ठेवली होती?” असं म्हणून बाईंनी पाव घेतला.

पेल्तियेंनी त्यांना कळवलं की यापुढे संस्थेत येऊ नये. बुधवारी त्या आल्या. मागच्या दारानं, पिशवीतून बटाटे घेऊन. पेल्तिये स्वयंपाकघराच्या दारात उभे.

“बेकबाई, तुम्हाला कळवलं होतं मी.”

“कळलं. सूप करायला आलेय. तुला नको असेल तर नको पिऊस.”

“हा माझा अधिकार आहे.”

“आहे ना. धर माझा हात आणि काढ बाहेर. मी हात सोडवून घेणार नाही.”

आत टेबलाशी नवीन आलेले विद्यार्थी बसले होते, ते बघत होते. पेल्तिये लाल झाले, मग पांढरे झाले, आणि बाजूला सरले. बेकबाईंनी जाताना त्यांच्या हातात सोलायची सुरी ठेवली. ती त्यांनी खाली ठेवली आणि वर निघून गेले. पण त्यांनी पुन्हा कधी दार अडवलं नाही.

चित्रफीत परत दाखवली गेली नाही. विश्वस्तांच्या बैठकीत बरंच काही झालं म्हणे, ते मला माहीत नाही. शरद ऋतूत एक दिवस पेल्तिये माझ्या टेबलापाशी आले आणि न कापलेलं सगळं चित्रण माझ्यापुढे ठेवलं. “लिहून काढा. काय बोललेत तेच लिहा.” माफ करा म्हणाले नाहीत. दोन वर्षांनी ब्रसेल्सला मोठ्या जागेवर गेले.

लिहायला आम्ही तिघं बसायचो, बेकबाई, ओटमार आणि मी. स्वयंपाकघरातच. एकेका शब्दावर वाद. ‘अडकलंय’ याला त्यांच्या गावी जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘हळूहळू पचतंय’ असा होतो, असं ओटमार म्हणे. “पचत नाहीये!” बाई ओरडायच्या. “तुमच्याकडे सगळंच पचतं, लोखंडसुद्धा.” “तुमच्याकडे काहीच पचत नाही म्हणून एवढं चीज खाता.” तासाभरात एखादी ओळ व्हायची. डब्यांची ओळ आली तेव्हा मात्र ओटमार म्हणाला, “इथे तूच लिही, मार्तीन, मला नको विचारू.” बेकबाईंनी उठून त्याच्या पुढ्यात कॉफी ठेवली. त्या दिवशी पुढे काही लिहिलं नाही.

आता संस्थेत येणाऱ्या शाळांना ते चित्रण दाखवतात, डब्यांसकट, खिशातल्या हातांसकट. काही शिक्षक तक्रार करतात की मुलं गोंधळून जातात. जाऊ देत.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात बेकबाई गेल्या. झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी लिलियानशी दवाखान्याच्या पथ्यावरून भांडण झालं होतं. संस्थेनं पुष्पचक्र पाठवलं, त्यावर निळी रिबीन आणि सोनेरी अक्षरं: ‘सलोख्याच्या दूतास’. लिलियाननं चर्चच्या पायरीवरच ती रिबीन सोडवली, घडी केली आणि माझ्या हातात दिली.

“ही परत ने. फुलं राहू देत. आईला फुलं आवडायची.”

पाद्री तरुण होता, बेनिन देशातून आलेला, फ्रेंचमध्ये छान बोलला. प्रार्थनेला त्यानं हात उचलले तोच तिसऱ्या बाकावरून ओटमार काठी टेकत उभा राहिला आणि प्लाटमध्ये, आपल्या पसरट आवाजात, ‘आमच्या स्वर्गातल्या बापा’ सुरू केलं. पाद्री थांबला. त्याला वाटलं असेल, म्हातारा चुकून आधी बोलला, आता गप्प बसेल. ओटमार बसला नाही. दुसऱ्या ओळीला लिलियान उठली, मग गास्तों, मग मी. पाद्र्यानं हात तसेच वर ठेवले आणि आमचं होईपर्यंत थांबला.